नंदाचे उघडे डोळे

रझिया इनामदारांना लग्नांची बोलावणी यायची, कारण बायकांच्या बाजूला पुरुष फोटोग्राफर चालत नसे. भवानी पेठेत वडिलांच्या स्टुडिओत त्या कॅमेरा शिकल्या आणि पुढे कित्येक वर्षं नवऱ्या, त्यांच्या खाला, फुफ्या, म्हणजे मावश्या, आत्या, फ्लॅशच्या उजेडात टिपत राहिल्या. मग डिजिटल कॅमेरे आले. लग्नघरातल्या भाच्या-पुतण्याच फोटो काढायला लागल्या आणि रझियांचा फोन वाजेनासा झाला.

त्यांची मुलगी अलफिया नुकतीच खराडीच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत लागली होती. नजर अधू असलेल्या मुलींच्या वसतिगृहाला पडद्यावरचं वाचून दाखवणारे बोलणारे संगणक द्यायला पैसे जमवायचे म्हणून कंपनीने फॅशन शो ठरवला. रॅम्पवर कंपनीतल्या आणि वसतिगृहातल्या मुली जोडीने चालणार होत्या. फोटोंसाठी अलफियाने आईचं नाव सुचवलं.

तालीम कंपनीच्या कॅन्टीनमध्ये होती. पडदे ओढलेले, दिवे मंद. रझियांनी सवयीने फ्लॅश चढवला आणि पहिल्याच मुलीवर बटण दाबलं. मुलगी किंचाळली, तोंड ओंजळीत झाकून खाली बसली.

कार्यक्रमाची व्यवस्था बघणारी पूर्वा धावत आली. "अहो मॅडम, फ्लॅश नको! या मुलींना प्रखर उजेड सोसत नाही. दिवे कशासाठी कमी ठेवलेत मग?"

"मला कुणी सांगितलं नाही हो," रझिया म्हणाल्या. फ्लॅश काढून त्यांनी पिशवीत टाकला आणि त्या मुलीशेजारी जमिनीवरच बसल्या.

ती लोणी काळभोरची नंदा. जन्मापासून तिचे केस, भुवया, पापण्या पांढऱ्या होत्या आणि उन्हात तिला डोळे उघडता येत नसत.

"माफ कर बेटा."

"असू द्या, ताई. सवय हाय मला. शाळंपासून समद्या फोटोत माझं डोळं मिटलेलंच हायत. आई म्हणती, झोपल्याली पोरगी कुणी फोटोत बघितली हाय का?" नंदा हसली. रझियांना मात्र हसू आलं नाही.

त्या दिवशी फ्लॅशशिवाय काढलेले सगळे फोटो हलले. घरी येऊन त्यांनी स्वयंपाकघरात एकच बल्ब ठेवला आणि अलफियाला ओट्यापासून दारापर्यंत चालायला लावलं.

"अम्मी, मी दिवसभर कामावरून आलेय!"

"अजून एकदा. हळू."

चालतानाचे फोटो पुसट यायचे. पण दारापाशी वळताना अलफिया क्षणभर थबकायची, तेवढा फोटो स्पष्ट यायचा. रझियांना जे हवं होतं ते सापडलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी पूर्वाला फोन केला. "रॅम्पच्या टोकाला काथ्याचं पायपुसणं टाकाल का? पायाला लागलं की मुलींनी थांबायचं. मला क्लिक करता येईल, आणि त्यांनाही कळेल, रॅम्प इथं संपला."

पूर्वाने लगेच होकार दिला. मुलींना टोकाचीच भीती वाटत होती.

शोच्या संध्याकाळी कॅन्टीन भरून गेलं. रझिया रॅम्पच्या टोकाशी मांडी घालून बसल्या, कोपर गुडघ्यावर टेकवून. एकेक जोडी यायची, पायपुसण्यावर थांबायची, वळायची. काही फोटो जमत होते, काही हुकत होते.

नंदा आली ती मोरपिशी नऊवारीत. जोडीदारीण होती अलफियाच. पायपुसणं लागलं तशी नंदा थांबली. पण वळली नाही. गाणं पुढे गेलं. अलफियाने हात ओढला, तरी ती हलेना. तिथल्या मऊ उजेडात तिने मान वर केली, डोळे पूर्ण उघडले आणि समोरच्या अंधाराकडे बघून हसली. लोक उभे राहून टाळ्या वाजवायला लागले. रझियांनी श्वास रोखला आणि बटण दाबत राहिल्या.

फोटोत वाळूसारखे दाणे आले होते, कडेचा हात हललेला होता. डोळे मात्र लख्ख होते. रझियांनी तो मोठा करून वसतिगृहात नेला. नंदाने तो नाकाला टेकेल इतका जवळ धरला आणि कपाळापासून हनुवटीपर्यंत तुकड्यातुकड्याने बघितला. आरशात इतक्या जवळून बघताना तिला एका वेळी एकच डोळा दिसायचा.

"ताई, माझं डोळं घारं हायत व्हय?" तिने विचारलं.

"निळसर. फार सुंदर."

नंदा पुन्हा वरून बघायला लागली.

कंपनीने संगणक दिले. त्यांच्यावर शिकून नंदा वर्षभराने एका कॉल सेंटरमध्ये लागली आणि पहिल्या सुट्टीत आईला ऑफिस दाखवायला घेऊन गेली. शोचे फोटो बघून रझियांना नाटकवाल्यांची, नृत्याच्या क्लासची बोलावणी यायला लागली, कारण त्यांना रंगमंचावर फ्लॅश नको असतो. आता घरी फोन आला की अलफियाच सांगते, "अम्मी तालमीला गेलीय. संध्याकाळी करा."