उजेडाचा करंट

येरमाळ्याच्या फाट्यावर माझे वडील, आण्णा, माझ्या बॅगेवर हात ठेवून उभे होते. जीपमधल्या अनोळखी माणसांनाही सांगत होते, "पोरगी उजेडातनं करंट काढाय शिकाय चाललीय. जर्मनीला." आमच्या घरात कॉलेज पाहिलेली मी पहिली. आण्णा अभिमानानं फुगले होते. ते सोलरचं काम समजतायत हे कळूनही मी त्यांना दुरुस्त केलं नाही.

इथं जर्मनीत मी काय करते ते सरळ सांगते. ग्राफीन म्हणजे कार्बनचा एका अणूइतका पातळ पापुद्रा. त्यावर लेझरचे दोन रंग एकदम सोडायचे. एका रंगाच्या उजेडाचा एक कण इलेक्ट्रॉनला जेवढं वर उचलतो, तेवढंच दुसऱ्या रंगाचे दोन कण मिळून उचलतात. दोन्ही वाटा एकमेकींत मिसळतात. एका दिशेला जोर वाढतो, उलट दिशेला मरतो. बॅटरी न लावता करंट वाहतो. एक रंग दुसऱ्याच्या किंचित मागं सरकवला की करंट उलटा फिरतो. पहिल्यांदा फिरला तेव्हा लॅबमध्ये एकटीच होते. मराठीत शिवी हासडली.

गेल्या उन्हाळ्यात गावी गेले. चुलत्यांचा सोलर पंप बंद होता. पोरगी येतीय म्हणून आण्णांनी मेकॅनिक बोलावू दिला नव्हता. आठ दिवस मिरची तहानलेली. अर्धी गल्ली जमली. मी पंपाचा कंट्रोलरचा डबा उघडला, पाहिला, बंद केला. "मला ह्यातलं येत नाही," मी म्हणाले. कळंबहून आयटीआय झालेला मेकॅनिक आला, अर्ध्या तासात पाणी पडलं.

"जर्मनीपस्तोर जाऊन ताईला ह्ये बी येत न्हाय व्हय?" चुलते म्हणाले. सगळे हसले. आण्णा सोडून.

बांधावरून परतताना मी त्यांना दोन रंगांचं सगळं सांगितलं. त्यांनी नीट ऐकलं.

"त्या करंटावर काय चालतं?"

"अजून काहीच नाही, आण्णा."

"मी हाय तवर चालंल?"

खोटं बोलता आलं असतं. "नाही चालणार," मी म्हटलं.

थोडं चालून ते म्हणाले, "मंग तू तिकडंच ऱ्हा. हितं तुज्या कामाचं काय न्हाय." आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

माझ्यासारखे परदेशी गेलेले म्हणतात, घर परत बोलावतं. मला नाही बोलावत. कामाची लाज नाही मला, कधीच नव्हती. पण ते काम ज्याला सांगावं असा एकच माणूस होता. आण्णा अजून फोन करतात. जेवलीस का, थंडी लई हाय का, विचारतात. कामाचं आता विचारत नाहीत. तेवढंच घर उरलंय.