न पडणारा भाऊ

कारखान्यात तिला सगळे मातीवाल्या बाई म्हणत. म्हणोत बापडे. तिचं कामच मातीचं होतं, आणि त्या कामात तिच्या नाकावर माशी बसायची हिंमत करत नसे.

कारखाना बुलेटप्रूफ जाकिटांचा. पुढच्या दालनात साठ शिलाई यंत्रं दिवसभर खडखडत, पिवळसर कापडाचे थरावर थर शिवले जात. सगळ्यात मागे, जाड दरवाज्याआड, चाचणीची लांबोडकी खोली. तिथे मऊ मातीने भरलेल्या खोक्यावर जाकीट पट्ट्यांनी आवळून बांधायचं, दहा पावलांवरून नेमबाजाने गोळी झाडायची, आणि गोळी कापडात अडकली की शिवणाऱ्या बायकांनी सुटकेचा निःश्वास सोडायचा. बाईंचं काम त्यानंतर सुरू व्हायचं. जाकीट सोडायचं आणि त्याच्या मागे मातीत पडलेला खड्डा मोजायचा. खड्डा चव्वेचाळीस मिलिमीटरच्या आत असेल तर जाकीट पास. एक जरी जास्त, तरी नापास. मग मालक आडवा पडो की उभा राहो.

"गोळी आत गेली नाही ना, मग झालं की," असं एखादा पाहुणा म्हणाला की बाई त्याला आधी खुर्ची देत, मग चहा देत आणि मग असं फैलावर घेत की चहा निवून जाई. "कापड फाटलं नाही हो, पण कापडामागे काय आहे? तुमची बरगडी. बरगडीमागे काय आहे? ते सांगू का?" पाहुण्याला नको असायचं.

दुसरा प्रश्न तर ठरलेलाच. गोळी लागली की माणूस मागे उडतो ना? सिनेमावाल्यांनी लोकांच्या डोक्यात काय काय भरून ठेवलंय देव जाणे. बाई नेमबाजाकडे बोट दाखवत. "हा उडतो का? जेवढा धक्का पुढे जातो, तेवढाच याच्या हाताला मागे बसतो. हा दिवसाला पन्नास गोळ्या झाडतो आणि दुपारी डबा खाऊन घोरतो. दोन चमचे साखरेएवढी ती गोळी, ती सत्तर किलोचा माणूस कशी उचलेल? पडणारा माणूस लागलं म्हणून पडतो, भीतीने पडतो, पाय गेले म्हणून पडतो. सिनेमात उडतो तो दोरीने उडतो."

हे सगळं तिच्या धाकट्या भावाने लहानपणी गोष्टी ऐकाव्यात तसं ऐकलं होतं आणि त्याचा धंदा केला होता. तो त्याच कारखान्यात विक्री बघायचा. आई गेली तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती आणि हा आठ. त्याच्या शाळेच्या डब्यापासून लग्नाच्या शर्टापर्यंत सगळं तिनेच केलेलं. आता चाळिशी आली तरी तिच्यासाठी तो छोट्याच होता. कारखान्यात मात्र त्याला खांब म्हणत, कारण गिऱ्हाइकं आली की हा गडी स्वतः जाकीट घालून एका पायावर उभा राहायचा, नेमबाज त्याच्या पोटावर गोळी झाडायचा, आणि हा तसाच एका पायावर उभा राहून हसत वाकून नमस्कार करायचा. हा आता भिंतीवर जाऊन आपटणार म्हणून श्वास रोखून बसलेली गिऱ्हाइकं टाळ्या पिटायची. चार वेळा त्याने हा खेळ केला, चारही वेळा मोठी मागणी आली. मालक त्याला डोक्यावर घेऊन नाचायचाच बाकी होता.

बाईंना तो खेळ आवडत नव्हता, पण त्या आड आल्या नाहीत. खरं सांगायचं तर त्यांना आतून थोडा अभिमानच वाटायचा. त्या प्रत्येक जाकिटाच्या कागदावर त्यांची सही होती.

मातीचं एक असतं. ती ऊन असली की मऊ, गार पडली की घट्ट, आणि घट्ट मातीत खड्डा लहान पडतो. म्हणून खोकी गरम कपाटात ठेवायची, आणि रोज सकाळी किलोभराचा पोलादी गोळा दोन मीटरवरून मातीवर सोडायचा. तो एकोणीस मिलिमीटर रुतला, एखाददोन इकडे तिकडे, तर माती खरी. बाई गोळा सोडत, नाही असं नाही. पण बावीस वर्षांनी त्यांचा अंगठाच गोळा झाला होता. अंगठा दाबायच्या, "झाली" म्हणायच्या, आणि गोळा टाकून पाहिला तर एकोणीसच. मग हळूहळू गोळा फडक्यात गुंडाळलेला राहू लागला.

त्या दिवशी नवं पातळ जाकीट आलं होतं. वजनाला निम्मं, मालकाच्या भाषेत उद्याचं जाकीट. सकाळी कडाक्याची थंडी होती आणि बाई हातमोजे विसरून स्कूटरवरून आल्या होत्या. बधिर झालेला अंगठा त्यांनी पहिल्या खोक्यावर दाबला. माती गार लागली नाही. थोडी घट्ट वाटली, पण ते बोटं आखडल्यामुळे असेल म्हणून सोडून दिलं. नेमबाजाने गोळी झाडली, खड्डा भरला पस्तीस. सही झाली. अकरा वाजता एका सुरक्षारक्षक कंपनीचे साहेब येणार होते आणि भाऊ तेच पातळ जाकीट घालून उभा राहणार होता.

साडेदहाला बाईंनी चहा घेतला. पेला दोन्ही हातांत धरून सावकाश प्यायल्या, बोटांत जीव आला, आणि मग सकाळचा खड्डा बुजवायला त्यांनी खोक्यात हात घातला.

माती बर्फासारखी गार होती.

त्यांनी हात मागे घेतला, पुन्हा लावला. कपाट उघडलं. पंखा घरघरत होता, पण आतली तापवायची तार केव्हाच जळून गेली होती. दारावरच्या तापमापकाचा काटा दोन वर्षांपासून एकाच आकड्यावर ठिय्या देऊन बसला होता, त्याच्याकडे कुणी बघतच नव्हतं. बाईंनी फडक्यातून गोळा काढला, मापाच्या दांड्यावरून सोडला. बारा. सकाळी गार अंगठ्याला गार माती ऊन वाटली होती, एवढं साधं होतं ते.

आता पस्तीस या आकड्याला काही अर्थ नव्हता. जाकीट चांगलंही असेल, वाईटही असेल, कुणालाच माहीत नव्हतं, आणि बाहेरून भावाच्या हसण्याचा आवाज येत होता.

दुसरं कपाट चालू होतं. त्यातलं ऊन खोकं बाईंनी ढकलगाडीवर चढवलं आणि एकटीनेच ओढत मागच्या अंगणात नेलं. साहेब खुर्चीवर बसले होते, नेमबाज तयार होता, आणि भाऊ एक पाय उचलून उभा होता.

"छोट्या, पाय खाली घे," बाई म्हणाल्या. "जाकीट काढ."

"ताई, आत्ता नको."

"काढ म्हणते ना."

मालक दातओठ खात जवळ आला. "बाई, सही तुमचीच आहे ना यावर?"

"माझीच आहे. चूकही माझीच आहे. माती गार होती आणि मी गोळा टाकला नाही." हे त्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात बोलल्या, साहेबांनाही. "आधी खोक्यावर झाडा. खड्डा चव्वेचाळीसच्या आत आला तर मी आजच घरी जाते, आणि याला दोन्ही पाय उचलून उभा करा."

साहेबांना गंमत वाटली. ते म्हणाले, "होऊ द्या."

बाईंनी सगळ्यांसमोर गोळा सोडला. वीस. माती खरी होती. जाकीट बांधलं, नेमबाजाने झाडलं. ढकलगाडीला चाकं होती, तरी खोकं जागचं हललं म्हणावं एवढंही हललं नाही. साहेब हसले. "एवढीच ताकद? मला वाटलं गाडी भिंतीला जाऊन धडकेल."

"सगळ्यांना तसंच वाटतं," बाई म्हणाल्या आणि पट्ट्या सोडल्या. कापडाला आतून साधा ओरखडाही नव्हता. मालकाच्या चेहऱ्यावर रंग आला. मग बाईंनी जाकीट बाजूला केलं आणि मोजपट्टी खड्ड्यात उतरवली.

त्रेपन्न.

त्यांनी तो आकडा मोठ्याने वाचला, दुसऱ्यांदा मोजला आणि साहेबांना म्हणाल्या, "हात घाला." साहेबांची अख्खी मूठ आत गेली. ते हसायचे थांबले. हळूच मूठ बाहेर काढून त्यांनी रुमालाला पुसली आणि विचारलं, "हा उभा राहिला असता?"

"कदाचित राहिलाही असता," बाई म्हणाल्या. "एका पायावर. तुम्ही टाळ्या वाजवल्या असत्या, आणि हा आतल्या आत फुटला असता. पडला नाही म्हणजे लागलं नाही, असं नसतं हो."

साहेबांनी पातळ जाकीट नको म्हणून सांगितलं, जुन्या जाड जाकिटांची मागणी दिली, आणि प्रत्येक खेपेला मोजणी याच बाईंच्या हातची हवी अशी अट घातली. पातळ जाकिटाच्या कागदावरची सही बाईंनी स्वतः खोडली आणि शेजारी खरा आकडा लिहिला. त्या दिवसापासून गोळा पुन्हा फडक्यात गेला नाही, आणि एका पायावरचा खेळ बंद झाला.

भाऊ दुपारपर्यंत मागणीचे कागद करत होता. मग चाचणीच्या खोलीत येऊन स्टुलावर बसला. बाईंनी त्याच्यापुढे चहा ठेवला.

"ताई, एक सांगू? रागावू नकोस."

"रागवायचं तोंड आज मला आहे का? बोल."

त्याने शर्ट वर केला. डाव्या बरगडीखाली तळहाताएवढा हिरवा-पिवळा डाग होता, पंधरा दिवसांपूर्वीच्या खेळाचा. त्याच्या कडेला आधीच्या खेळांच्या फिकट खुणा होत्या. "चारही वेळा दुखलं," तो म्हणाला. "रात्री कुशीवर झोपता येत नाही. बायकोला सांगितलं, जिन्यावरून घसरलो."

"आणि मला का नाही सांगितलंस?"

"तुझी सही होती ना. म्हटलं, ताईने मोजलंय, म्हणजे एवढं दुखणारच असेल."

बावीस वर्षांत बाईंनी हजारो खड्डे मोजले होते आणि हा एक त्यांना कुणी दाखवला नव्हता, त्यांनीही विचारला नव्हता. त्यांनी त्याच्या चहाचा पेला उचलला, दोन्ही हातांत धरून हात चांगले ऊन होऊ दिले, आणि मगच त्या डागावर तळवा ठेवला.