डाळमिलचे आम्ही सगळे मालक

मी डाळमिलचा मालक झालो तेव्हा माझ्या हातात समोसा होता. जळगावच्या एमआयडीसीत आमच्या मिलच्या गोदामात मंडप घातला होता, तुरीच्या पोत्यांच्या थप्प्यांना झिरमिळ्या लावल्या होत्या आणि मुंबईहून आलेले एक गुळगुळीत साहेब माईकवर सांगत होते, "आजपासून इथे कोणी नोकर नाही. तुम्ही सगळे मालक आहात!" टाळ्या पडल्या. ज्यांना पगारवाढीची आशा होती त्यांनी जरा उशिरा वाजवल्या. पण मालकाने कधी पगारवाढ मागितल्याचं ऐकलंय का कुणी?

त्याआधी मिल एका शेठची होती. शेठ रोज सकाळी डाळीची मूठ उचलून दोन दाणे दाताखाली घ्यायचे आणि चव बिघडलेली असली की आमच्या सगळ्यांच्या आईबापांची आठवण काढायचे. पुढे त्यांची मुलं परदेशात रमली. त्यांना डाळ फक्त ताटात लागायची. शेठ थकले आणि मिल एका कंपनीला विकून मोकळे झाले. ती कंपनी दुसऱ्या कंपनीची, दुसरी कुठल्याशा फंडाची, आणि तो फंड समुद्रापलीकडे राहतो असं म्हणतात. आमच्या घरी खापरपणजोबांपर्यंत नावं पाठ आहेत, पण मिलचं कूळ मला शेवटपर्यंत लागलं नाही. गेटबाहेर जाणाऱ्या मालाचे गेटपास मी करतो, त्यावर मालकाचं नाव घालावं लागतं, म्हणून कार्यक्रमानंतर साहेबांना विचारलं, की नक्की मालक कोण? साहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "तुम्हीच की!" म्हणाले, आणि विमान गाठायला निघून गेले.

प्रत्येक कायम कामगाराला शेअरचं प्रमाणपत्र मिळालं, काचेच्या फ्रेमसकट. माझा मेहुणा धुळ्याला, देवपुरातल्या एका कॉलेजात अर्थशास्त्र शिकवतो. दिवाळीत सासुरवाडीला गेलो तेव्हा मी मोठ्या ऐटीत त्याला ते दाखवलं. त्याने चष्मा वर सरकवून तळाच्या मुंगीएवढ्या अक्षरातल्या अटी वाचल्या.

"जिजाजी, हे विकता येतं?"

"काही वर्षं थांबावं लागतं."

"मधेच नोकरी गेली तर?"

"परत कंपनीकडे."

"कारभारात मत देता येतं?"

"नाही."

"मग ह्यात तुमचं काय आहे?"

"फ्रेम," मी म्हणालो. बोलाचीच कढी नि बोलाचाच भात, पण वाढला होता चांदीच्या ताटात. बायकोने ती फ्रेम घरी देव्हाऱ्याशेजारी लावायला साफ नकार दिला.

मी आणि माझ्यासारखे बाकीचे ही थट्टा समजून गप्प बसलो. नाना मात्र खरोखरच मालक झाले. नाना म्हणजे आमचे मुकादम, पोती चढवण्या-उतरवण्याचं सगळं काम त्यांच्या हाताखाली. मिल उभी राहिली तेव्हापासूनचा माणूस. दुसऱ्याच दिवशी ते बायकोला, म्हणजे नानीला, मोटरसायकलवर बसवून मिल दाखवायला घेऊन आले. तिने मशीनला हळदकुंकू लावलं. त्यानंतर नाना रिकाम्या खोलीतले पंखे बंद करत फिरू लागले. सांडलेली डाळ कुणी तुडवली की ओरडायचे, "तुना बापनी शे का?" मग लगेच आठवायचं की त्याच्याही बापाची आहे, आणि मऊ आवाजात सांगायचे, "भाऊ, आपलीच शे ना रे. पाय जपीसन ठेव." कंपनी भलतीच खूश झाली. नानांचा हसरा फोटो काढून गेटवर भलंमोठं पोस्टर लावलं, खाली लिहिलं, "मी मालक." फुकटात इतका राबणारा मालक कुठल्या कंपनीला नको असतो?

सगळं सुरळीत चाललं होतं, आणि मधेच अक्का वारली. अक्का डाळ निवडायची. काळे दाणे वेचणारं मशीन आल्यावर तिच्या हातात झाडू आला, तोही तिने तक्रार न करता चालवला. पण ती कंत्राटदाराची माणूस होती, म्हणून तिला फ्रेम नव्हती. आजारी पडली तेव्हा मुलाने तिला भडगावकडच्या त्याच्या गावी नेलं, आणि तिथेच ती गेली.

आमच्याकडे लग्नाला नाही गेलं तर लोक रुसतात. पण कुणाच्या घरी माणूस गेल्यावर दारावर नाही गेलं तर मनातून उतरवतात, आणि नातवंडांनाही सांगून ठेवतात. दारावर जायचं म्हणजे फार काही करायचं नसतं. सगळ्यांनी मिळून जायचं, अंगणात बसायचं, बायकांनी रडायचं, पुरुषांनी जमिनीकडे बघायचं आणि उठून यायचं. शेठच्या काळात कुणाच्या घरी असं झालं की शेठ स्वतः मिल बंद करायचे आणि सगळ्यांना मिलच्या ट्रकमधून न्यायचे. शिव्या देणारा माणूस, पण दारावर कधी चुकला नाही.

कंपनीच्या नियमात दुःखाची सुट्टी होती. आई, वडील, नवरा, बायको, मुलं, एवढ्यांसाठी. अक्का यातलं कुणाचीच काही नव्हती. पुण्याहून आलेल्या आमच्या एचआरच्या साहेबांना मी विचारून पाहिलं. ते म्हणाले, मोबाईलवर श्रद्धांजलीचा मेसेज टाकतो.

तिसऱ्या दिवशी दुपारी नानांनी मशीनचं बटण दाबलं. मिल थांबली. इतकी शांतता झाली की चिमण्या ऐकू यायला लागल्या. मी धावत गेलो.

"नाना, कुणाला विचारलं?"

"मालक कधी कोनले इचारस का?" ते म्हणाले. चेहऱ्यावर थट्टा नव्हती.

मुंबईच्या दुकानांसाठी माल भरायला ट्रक उभाच होता. त्यात पोत्यांऐवजी माणसं चढली. गेटपासवर काय बाहेर जातंय ते लिहावं लागतं. मी लिहिलं, "मालक". मग वॉचमनच्या हातात गेटपास दिला आणि मीही ट्रकच्या केबिनमध्ये जाऊन बसलो. अक्काच्या मुलाने अख्खी मिल अंगणात उतरताना पाहिली, आणि तोंडावर हात धरून तो उंबऱ्यावरच बसला. त्या क्षणी मला वाटलं, काहीही होवो, आलो ते बरं झालं.

काहीही म्हणजे काय, ते दुसऱ्या दिवशी कळलं. मुंबईचे साहेब पडद्यावर, पुण्याचे खुर्चीवर, नाना उभे. मला गेटपासबद्दल ताकीद मिळणार होती, म्हणून मीही कोपऱ्यात होतो.

"मिल बंद करण्याचा आदेश कोणी दिला?"

"मालकनी."

"कोणत्या मालकाने?"

नानांनी खिडकीबाहेर, गेटवरच्या आपल्याच हसऱ्या तोंडाकडे बोट दाखवलं. पुण्याचे साहेब खोकले. मुंबईच्या साहेबांनी फार प्रेमाने समजावलं, की मालक म्हणजे मालकीची भावना. निर्णय घेणं वेगळं, भावना वेगळी. नाना लक्ष देऊन ऐकत होते. शेवटी म्हणाले, "मंग पहिलेच सांगाले पाहिजे होतं ना साहेब. भावना आमनी, मिल तुमनी."

उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांना शेळीने उत्तर दिलेलं चालत नाही. नानांकडून राजीनामा लिहून घेतला, "स्वेच्छेने". प्रमाणपत्र परत मागितलं; फ्रेम ठेवली तरी हरकत नाही, असं उदार मनाने सांगितलं. मला इतका राग आला की घरी जेवण गेलं नाही. बायकोने विचारलं, कुणावर चिडलात? खरंच, कुणावर चिडायचं तेच कळत नव्हतं. शेठवर चिडलो असतो तर निदान त्यांच्या घरावरून जाताना तोंड फिरवता आलं असतं.

तेव्हापासून नाना घराबाहेर पडेनात. मुकादमाला कामावरून काढलं, हे त्यांना गावात कुणाला सांगवत नव्हतं. नानीने फोनवर मला सांगितलं, भाकरी पुढे ठेवली की नुसते बघत बसतात.

रविवार मिलच्या सुट्टीचा. आम्ही वर्गणी काढून भाड्याचा टेम्पो केला. कुणी ठरवून सांगितलं नव्हतं, पण बायकांनी पांढऱ्यासारखी लुगडी नेसली होती आणि पुरुषांनी खांद्यावर रुमाल टाकले होते. नानांच्या गल्लीत शिरताच बायकांनी पदर तोंडाला लावला. आम्ही अंगणात जाऊन ओळीने बसलो आणि जमिनीकडे बघायला लागलो. शेजारीपाजारी धावत आले.

नानी पिठाच्या हातांनी बाहेर आली. घाबरून म्हणाली, "काय व्हयनं? कोन मरनं?"

 मग सगळ्यात म्हातारा हमाल म्हणाला, "नानी, मालक गयात. आमी बठ्ठा, सगळाच."

नाना आतून बाहेर आले. सगळ्यांकडे पाहून आधी मोठ्याने हसले. हसता हसताच उंबऱ्यावर बसले आणि धोतराच्या सोग्यात तोंड खुपसून रडायला लागले. दारावर गेल्यावर रडणाऱ्याला गप्प करायचं नसतं, तसं आम्ही त्यांना रडू दिलं. आम्हीही रडलो. मग एकेक जण उठायला लागला, कारण सोमवारी सकाळी आम्हाला सगळ्यांना कामावर जायचं होतं.