फोटोशेजारी उभ्या राहणाऱ्या आक्का

आक्कांकडे फोटो काढायला गेलं की आधी आक्का उलट्या दिसायच्या. अगदी खरंच, डोकं खाली आणि पाय वर. हा प्रकार मला कुणी आधी सांगितला असता तर मी त्या दुकानाची पायरी चढले नसते, कारण तेव्हा मी भारी मानी होते आणि कुणी आपली थट्टा करतंय असा संशय मला पटकन यायचा.

दुसरी मोठी लढाई सुरू होऊन दोनेक वर्षं झाली असतील. मी वाईहून सांगलीला मुलींच्या शाळेत शिकवायला आले होते आणि एका स्थळाला दाखवायचाय, फोटो पाठव, असं दादाचं पत्र आलं होतं. फोटो काढणारी बाई आहे हे ऐकून बरं वाटलं म्हणून गेले. स्टुलावर बसले, मान ताठ केली, पदर चारदा सारखा केला. तीन पायांच्या मोठ्या कॅमेऱ्यामागून पंचेचाळिशीची एक उंच, सावळी बाई पुढे आली आणि म्हणाली, "उठा बाई. आदी हितं या." कॅमेऱ्यावरच्या काळ्या फडक्याखाली तिनं माझं डोकं घातलं आणि स्वतः माझ्या जागी जाऊन बसली. आतल्या धुरकट काचेवर ती मला दिसली. मोकळं कपाळ, नऊवारी लुगडं, औषधांनी काळपट पडलेले हात, सगळं उलटं. मला हसू आवरेना.

"हसा की," ती म्हणाली. "आता मी बी तुमास्नी अशीच उलटी बगनार. आपलं दोगींचं फिटलं."

ते स्थळ काही जमलं नाही. फोटो मात्र इतका छान आला की मुलाकडच्यांनी तो परत पाठवायचंही नाव काढलं नाही. मी आक्कांकडे जात राहिले ते राहिलेच.

आक्कांचं माहेर कोरेगावकडचं, ऊस पिकवणाऱ्या घरातलं. नवरा पलटणीत होता, तिथंच फोटोचं काम शिकला आणि पेन्शनीत निघाल्यावर त्यानं साताऱ्यात दुकान टाकलं. अकरा वर्षं आक्का मागच्या अंधाऱ्या खोलीत, फोटो ज्यांवर उमटतो त्या काचा धूत होत्या. तो तापानं गेला तेव्हा दिरांनी कॅमेरा विकायला काढला, तर आक्कांनी तो गोधडीत गुंडाळून आगगाडीत घातला आणि सांगली गाठली. विधवेनं परपुरुषांना समोर बसवून न्याहाळायचं म्हणजे काय, अशी सासरी बोलणी झाली होती. आक्का म्हणायच्या, "म्या कुटं न्ह्याळलं? कॅमेरा न्ह्याळतुया. त्येला ईचारा की."

लग्नाचे, मुंजीचे, बारशाचे फोटो त्या पोटासाठी काढत. जिवासाठी काढत ते वेगळे. घाटावर धुणं आपटणाऱ्या परटिणी, हळदीची पोती वाहणारे हमाल, काहिलीजवळ वाफेत उभ्या राहून हळद शिजवणाऱ्या बाया. लढाईमुळे काचा महाग आणि दुर्मिळ झाल्या होत्या, तरी महिन्यातून दोन-तीन त्या अशा लोकांसाठी बाजूला ठेवायच्याच. पौषात, नवी हळद यायच्या आधी, हरिपूरच्या वाटेवरची एका व्यापाऱ्याची वखार रिकामी असे. त्यांच्या म्हाताऱ्या आईचा शेवटचा फोटो आक्कांनी काढला होता, त्या मायेनं शेठजी चार दिवस वखारीची किल्ली द्यायचे. पोती टांगतात त्या आकड्यांना सुतळी बांधून आम्ही फोटो लावायचो. हळदीची पूड इतकी बसलेली असायची की घरी आल्यावर माझं लुगडं पिवळं, नाक पिवळं, आणि शाळेत मुली विचारायच्या, बाई, हळद लागली का तुम्हाला?

या वखारीचा एक दंडक होता. ज्याचा फोटो, त्यानं फोटोशेजारी उभं राहायचं आणि आलेल्यांना सांगायचं. आक्का म्हणत, "फोटू मुका असतोय. त्येला बोलाय मानूस लागतं." गावातली शिकलेली मंडळी कला बघायला म्हणून यायची आणि चांगलीच गोत्यात सापडायची. एका वकिलांनी परटिणीच्या फोटोपुढे उभं राहून हात, दगड, पाण्याचे शिंतोडे, सगळ्याची तारीफ केली. शेजारची परटीण शांतपणे म्हणाली, "त्यो कोट तुमचाच हाय, सायेब. खिशातली तपकिरीची डबी काडून देत चला." वकीलसाहेब लगोलग पुढच्या फोटोकडे सरकले.

फोटोखालच्या चिठ्ठ्या मी लिहायची, कारण माझं अक्षर वळणदार आणि आक्कांचं म्हणजे मुंगळे चालल्यासारखं. पहिल्या वर्षी मी हौसेनं एका चिठ्ठीवर 'श्रमदेवता' असं लिहिलं. आक्कांनी ते वाचलं आणि चिठ्ठी फाडली. "नाव ल्हिवा तिचं. देवता कशापायी? द्येवतेला पाठदुकी असती व्हय?" मी दोन दिवस रुसले होते. मग 'सोनाबाई, हळद शिजवते' एवढंच लिहिलं.

एका वर्षी लढाईचे बोलपट दाखवत फिरणारी सरकारी मोटार गावात आली होती. आक्कांनी त्या मोटारवाल्याला गोड बोलून वखारीत आणलं, दारांना पोती लावून भर दुपारी अंधार केला आणि चुन्याच्या भिंतीवर चित्र पाडलं. वाळवंटातून पलटण चालली होती. आष्ट्याकडच्या, कोरेगावकडच्या आया आल्या होत्या, आपला लेक दिसतो का बघायला. आक्कांनी तो तुकडा सहा वेळा लावायला लावला. कुणालाच कुणी सापडलं नाही. मग पोती काढून आक्कांनी त्या आयांनाच भिंतीपाशी उभं केलं आणि एकेकीला आपल्या लेकाविषयी सांगायला लावलं. ज्याला येता येत नाही त्याच्या वतीनं त्याचं माणूस उभं राहील, हा दंडक तेव्हापासून पडला. पुढे तोच आक्कांवर उलटला.

हरिपूरला हळद पेवांत साठवतात. पेव म्हणजे जमिनीतलं दोन पुरुष खोल भुयार, वर माणूस जेमतेम जाईल एवढं तोंड. महिनोन् महिने बंद राहिलेल्या पेवात हवा कुजते. म्हणून तोंड उघडून ठेवायचं, मग दोरीनं पेटता कंदील खाली सोडायचा, आणि तो तळाशी जळत राहिला तरच माणसानं उतरायचं. ही रीत तिथं पोराटोरांनाही ठाऊक असते. दसऱ्याच्या सुमाराला एक दिवस शेठजींच्या पेवात उतरताना महादू नावाचा हमाल गेला. तिशीचा, हसऱ्या चेहऱ्याचा माणूस. मागल्या पौषात तो वखारीत स्वतःच्या फोटोशेजारी उभा राहून पोतं कसं पेलतात ते लोकांना करून दाखवत होता. मुकादमानं सांगितलं की महादू पिऊन आला होता, कंदील सोडायच्या आतच तोल जाऊन पडला. महादू पूर्वी बाजारच्या दिवशी घ्यायचा, त्यामुळं सगळ्यांना ते पटलं. मलाही पटलं.

पटलं नाही ते त्याच्या बायकोला. लेक झाल्यापासून तो दारूला शिवलासुद्धा नाही, असं रंगूबाई घाटावर सांगायची, बाजारात सांगायची. लोक हो म्हणायचे आणि पाठ फिरली की मान हलवायचे. दिरानं तर तोंडावर सांगितलं की दारुड्याची पोर म्हणून तुझ्या लेकीला चांगलं घर मिळायचं नाही. रंगूबाईला दुसरं काही नको होतं. तो प्यालेला नव्हता, एवढं कुणीतरी म्हणावं, एवढीच तिची मागणी होती.

पौष लागला आणि आक्का चिठ्ठ्या लिहून घ्यायला माझ्या खोलीवर आल्या. नवा फोटो पुढे ठेवला. पेवाचं तोंड, त्यातून वर आलेली दोरी, आणि छातीपासून खाली अंधारात गेलेला महादू वर बघून हसतोय. तेव्हा पेवावर होते त्यांच्याखेरीज हा फोटो कुणालाच माहीत नव्हता. मग आक्कांनी जे सांगितलं ते असं. त्या दिवशी त्यांच्याजवळ एकच काच उरली होती. पेव नुकतंच उघडलं होतं, कंदील भरून बाजूला ठेवला होता. आक्कांनी महादूला दोरी धरून तोंडात उतरायला सांगितलं. तो म्हणाला, आक्का, कंदील सोडल्याबिगर उतरत न्हाईत. आक्का म्हणाल्या, हातभरच तर. मुकादमानंही मान डोलावली. उन्हानं त्याचे डोळे मिटत होते, तेव्हा आक्का म्हणाल्या, अजून हातभर खाली, सावलीत. मग फोटो काढला. फडक्याखालून डोकं बाहेर काढेपर्यंत दोरीवरचे हात सुटले होते.

मी जे म्हटलं ते लिहायची आजही लाज वाटते, पण लिहिते. मी म्हटलं, "आक्का, झालं ते झालं. आता बोलून तो परत येणार आहे का? वखार जाईल, दुकानही बसेल." मी त्यांच्या भल्याचंच सांगत होते, असं मला वाटत होतं. आक्कांनी कोरी चिठ्ठी माझ्यापुढे सरकवली. मग म्हणाल्या, "नाव ल्हिवा. महादू, पेवात उतरताना. बाकीचं मी बोलती."

पहिल्या दिवशी सकाळी शेठजी आले, त्यांचा मेहुणा तो मुकादम आला, पेठेतले पाचपन्नास लोक आले. परटिणी, हमाल, सोनाबाई, सगळे आपापल्या फोटोशेजारी उभे. महादूच्या फोटोशेजारी रंगूबाई उभी राहील असं लोकांना वाटलं होतं, पण ती दाराशीच थबकली. आतल्या फोटोकडे बघायचं तिला धाडस होत नव्हतं. आक्का चालत गेल्या आणि फोटोशेजारी उभ्या राहिल्या.

"ह्यो महादू," त्या म्हणाल्या. "ह्यो प्यालेला न्हवता. कंदील सोडल्याबिगर उतरत न्हाईत, असं म्हनला हुता. मी उतरीवला त्येला, फोटूपायी. अजून हातभर खाली, म्हनलं."

मुकादम पुढे येऊन आक्कांना काहीतरी समजावायला लागला, पण शेठजींनी त्याला हातानं थांबवलं. रंगूबाई दारातून आत आली. फोटोसमोर उभी राहून तिनं महादूचं हसू किती वेळ बघितलं. मग आक्कांकडे वळली.

"तीन म्हयनं, आक्का," ती म्हणाली. "तीन म्हयनं माज्या दारावरनं जात हुतासा."

आक्कांनी मान खाली घातली नाही. "व्हय," म्हणाल्या.

"मग आता येईल त्येला सांगा."

आणि ती तिथंच पोत्यावर बसली. चारही दिवस बसली. येणाऱ्या प्रत्येकाला आक्का तेच सांगत होत्या, त्याच शब्दांत, एक शब्द कमी नाही की जास्त नाही. दुसऱ्या दिवशी त्या वेळी पेवावर असलेला एक हमाल आला, बराच वेळ घुटमळला आणि आक्कांच्या शेजारी जाऊन म्हणाला, मी बी हुतो तितं, आक्का म्हनत्यात ते खरं हाय. त्यालाही पोट होतं आणि शेठजी तिथंच बसले होते. चौथ्या दिवशी दुपारी रंगूबाई उठली, पदर झटकला आणि म्हणाली, "पुरं आता, आक्का." संध्याकाळी शेठजींनी किल्ली मागून घेतली. रागावले नाहीत, पण पुन्हा दिली नाही. लोकांनी लग्नाचे फोटो दुसरीकडे काढायला सुरुवात केली, कारण जिच्या फोटोपायी माणूस मेला तिला मांडवात कोण बोलावणार? मी म्हटलं होतं तसंच सगळं झालं आणि माझं खरं झालं याचं मला जन्मात एवढं वाईट कधी वाटलं नाही.

लढाई संपल्यावर आक्का कोरेगावला भावाकडे गेल्या. दोनेक वर्षांनी मी भेटायला गेले. डोळ्यांत मोतीबिंदू उतरले होते, कॅमेरा गोधडीत गुंडाळून माळ्यावर गेला होता. सोप्यात दारासमोर एकच फोटो होता. दुधाचा रतीब घालणारा नवा माणूस आला, त्याची नजर तिकडे गेली, तशा आक्का खांबाला धरून उठल्या आणि फोटोशेजारी उभ्या राहिल्या. ह्यो महादू. ह्यो प्यालेला न्हवता. तो गेल्यावर मी म्हटलं, "आक्का, आता बसा की. रंगूबाईनं तेव्हाच पुरं म्हटलं होतं."

"तिनं म्हनलं," आक्का म्हणाल्या. "मी कुटं म्हनलं?"

त्याच वर्षी त्या गेल्या. भावानं फोटो माझ्याकडे पाठवला, माझीच चिठ्ठी अजून खाली चिकटलेली. तेव्हापासून तो माझ्या पुढच्या खोलीत आहे आणि कुणी त्याच्याकडे बघितलं की मी उठते, शेजारी उभी राहते आणि सांगते. गप्प राहायचा सल्ला देणारीला एवढं तरी केलंच पाहिजे. पण आता गुडघे फार वेळ उभं राहू देत नाहीत, आणि माझ्यामागं फोटो कुणाच्या हाती पडेल कोण जाणे. त्याला बोलायला माणूस लागतं, म्हणून लिहून ठेवते.

हा महादू. हा प्यालेला नव्हता.