दादांचं साधं पेट्रोल

आमच्या मोटारीचा आधीचा मालक एक पारशी म्हातारा होता. किल्ली हातात देताना त्यानं मला एकच गोष्ट बजावली. "बाई, हिला साधं पेट्रोल घालू नका हां. भारीच लागतं. नाहीतर चढावर ठोके मारते." यजमान शेजारीच उभे होते, पण म्हातारा माझ्याशी बोलला, कारण गाडी मीच चालवून बघितली होती. घर गिरगावात, यजमानांचा दवाखाना लालबागला. त्यांना स्टिअरिंगची धास्ती वाटे, म्हणून मी शिकले होते.

घरात मात्र शब्द चाले तो थोरल्या दिरांचा. सगळे त्यांना दादा म्हणत. दर रविवारी ते गाडी घेऊन जात आणि टाकी भरून आणत. साध्या पेट्रोलनं. मी जेवणावर विषय काढला, तर माझ्याकडे न बघता ते यजमानांना म्हणाले, "तिला सांग, पेट्रोल इथूनतिथून सारखंच. आपल्याला काय शर्यतीत पळवायचीय?"

यजमान खाली मान घालून वरणभात कालवत राहिले.

हळूहळू ठोके सुरू झाले. चढ आला की पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज येई. मी पुन्हा सांगितलं. दादा यजमानांना म्हणाले, "बाईचा हात लागला की यंत्र बिघडायचंच."

ते दिवस संयुक्त महाराष्ट्राचे. दादा आमच्या नाक्यावर सभा गाजवत. "आम्हाला न विचारता आमच्या मुंबईचा निर्णय घेणारे तुम्ही कोण?" ते गरजत आणि टाळ्यांचा कडकडाट होई. मी बायकांत उभी राहून ऐके आणि माझ्या अंगाची लाही लाही होई.

एकदा शिवाजी पार्कला मोठी सभा होती. दवाखान्यात येणाऱ्या नायगावच्या चार बायका मी गाडीत घेतल्या. त्यांतल्या एका म्हातारीला चालवत नव्हतं, पण सभेला जायचंच असा तिचा हट्ट. दादरच्या पुलाच्या ऐन चढावर इंजिननं एक घाणेरडा आवाज केला आणि गाडी बंद पडली. मागून मोर्चा येत होता. कुणीतरी ओरडलं, "अरे, बाई चालवतेय!" आणि सगळे हसले. तिघी खाली उतरून गाडी ढकलायला लागल्या. म्हातारी आतूनच ओरडली, "हसताय काय रे मेल्यांनो? हात लावा!" तेव्हा कुठे चारजण पुढे आले.

परळच्या गॅरेजात इंजिन उघडलं. पिस्टन जळाला होता. "साधं पेट्रोल घालत होतात ना?" मिस्त्रीनं विचारलं. यजमान "हो" म्हणाले, अगदी हळू.

गाडी दुरुस्त होऊन आली त्या रविवारी दादांनी नेहमीसारखा किल्लीसाठी हात पुढे केला. मी किल्ली दिली नाही.

"तिला सांग—" ते यजमानांकडे वळले.

"मला सांगा," मी म्हणाले. "मी इथंच उभी आहे. ह्यापुढे टाकी मी भरणार, आणि भारी पेट्रोलच भरणार. पटत नसेल तर ट्रामनं जा."

माझा आवाज इतका चढला होता की शेजारणी गॅलरीत आल्या. दादा चपला घालून निघून गेले. पुन्हा ते त्या गाडीत बसले नाहीत. गाडीनंही पुन्हा कधी ठोका मारला नाही.

पुढे महाराष्ट्र झाला. दादांनी चाळभर पेढे वाटले. पेढा खाता खाता कुणीतरी गाडीची चौकशी केली, तेव्हा ते म्हणाले, "त्या पारशानं फसवलंन् आम्हाला. इंजिन मुळातच खराब होतं."

मी यजमानांकडे बघितलं. गॅरेजातला तो "हो" त्यांच्याच तोंडून निघाला होता. त्यांनी पेढा तोंडात टाकला आणि मान डोलावली.

दादांना जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. त्यांच्यावरचा राग केव्हाच निवला. त्या डोलावलेल्या मानेवरचा अजून निवत नाही.