दाराखालची बारा भोकं

चौतीस वर्षं पाणीखात्यात नळ दुरुस्त केलेल्या माणसाला लोक त्याच्या नावाने कशाला ओळखतील? नळातल्या रबरी चकतीवरून त्याला सगळे वायसर म्हणायचे. चिडली की बायकोसुद्धा ‘अहो वायसर’ अशीच हाक मारायची. गळती दिसली की बुजवायची, एवढं एकच शास्त्र त्याला येत होतं. पण ते असं अंगात भिनलेलं की पाहुणा म्हणून गेला तरी आधी यजमानाच्या मोरीतला नळ आवळून यायचा. जित्याची खोड, दुसरं काय.

निवृत्तीनंतर त्याने जुनी गाडी घेतली ती हौसेने नाही. बायकोच्या दोन्ही किडन्या कामातून गेल्या होत्या. सोमवार, बुधवार, शुक्रवार तिला दीड तासावरच्या शहरात न्यायचं आणि चार तास डायलिसिसच्या मशीनला जोडायचं, तर ती जगणार. पहिले दोन महिने बसने नेलं. परतताना ती खिडकीला डोकं टेकून ओकायची आणि माणसं सरकून बसायची. तिसऱ्या महिन्यात दारात गाडी उभी राहिली. गाडी चालली तर बायको जगली, हे वायसरला कुणी वेगळं सांगायला नको होतं.

आता गाव पडलं समुद्राकाठी. खारं वारं लोखंडाला जगू देत नाही. खिडकीचे गज, सायकली, शिवणाच्या कात्र्या, सगळ्यांना गंज. वायसरने ठरवलं, काय वाट्टेल ते होवो, या गाडीला गंज शिवता कामा नये.

दर रविवारी सकाळी तो पाइप घेऊन आधी गाडीच्या पोटाखालचं मीठ धुवायचा, मग बादल्यांनी चाकांवरच्या कमानी, मग वरचा पत्रा. फडक्याने दारांच्या कडा कोरड्या करायचा. खडा उडून रंगाचा टवका गेला असेल तर पॉलिशपेपरने पांढरा पत्रा दिसेतो घासायचा, थिनरने पुसायचा, रेड ऑक्साइडचा हात द्यायचा, तो वाळला की बारीक ब्रशने वरचा रंग. शेवटी मेण. बायको दारात स्टुलावर बसून मुकादमकी करायची. डाव्या हातात सुया टोचायच्या म्हणून त्या हाताने काही उचलायचं नव्हतं, तेव्हा उजवा हात लांब करून ती दाखवायची, “अहो, तो बघा ठिपका. दिव्याच्या खाली. चष्मा पुसा जरा.”

तिला दिवसाला सगळं मिळून तीन पेले पाणी. लघवीच होत नाही तर पाणी जाणार कुठे? अंगात साठतं, फुप्फुसात चढतं, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. ते तीन पेले वायसर स्वतः मोजून द्यायचा. आणि रविवारी तिच्या डोळ्यांदेखत गाडीवर दहा बादल्या ओतायचा. ती कधी काही बोलली नाही.

दुसऱ्या वर्षी एका रविवारी गाडी धुऊन तास झाला तरी दाराखाली ठिबकत होतं. वायसर पाठीवर आडवा झाला आणि खालून बघितलं. प्रत्येक दाराच्या बुडाला दोन भोकं, दारांखालच्या लांब पोकळ पट्टीला दोन्ही बाजूंना दोन-दोन. एकूण बारा. “बघ, बघ! कंपनीवाल्यांनी भोकं तशीच सोडलीत. इथूनच शिरणार गंज.” त्याने एपॉक्सीची लांबी, म्हणजे दगडासारखी घट्ट होणारी पुट्टी, मळली आणि बाराच्या बारा भोकं अशी बुजवली की बोट फिरवलं तरी कळू नये.

बायकोने पायरीवर पत्र्याच्या डब्यांत झाडं लावली होती. प्रत्येक डब्याच्या बुडाला खिळ्याने ठोकून भोक पाडल्याशिवाय ती माती भरायची नाही. ती म्हणाली, “अहो, डब्याला भोक नसलं तर मूळ कुजतं. तसं काही असेल. पाणी जात होतं ते जाऊ द्यायचं की.”

“तुझी अक्कल डब्यापुरती ठेव. चौतीस वर्षं मी काय गवत उपटलं?”

ती पुढच्या डब्यात माती भरू लागली. ठिबकणं थांबलं, आणि वायसरने ते तिला चार वेळा दाखवलं.

पुढे चार वर्षं गाडी आरशासारखी. गल्लीतली माणसं म्हणायची, वायसर बायकोपेक्षा गाडी जास्त पुसतो. तो हसायचा. दोन्ही एकच, हे त्यांना काय ठाऊक. मधे एकदा वळणावर बायको म्हणाली, “दारात पाणी हलल्यासारखं वाजतंय.”

“तुला प्यायला मिळत नाही ना, म्हणून जिथं तिथं पाणीच ऐकू येतं.”

तोंडातून गेलं आणि त्याचं त्यालाच वाईट वाटलं. पण माफी मागणं हे काही त्याच्या हत्यारांच्या पेटीत नव्हतं.

मग तो बुधवार आला. शहर अर्ध्या तासावर असताना चाक पंक्चर झालं. वायसरने बायकोला उतरवून कडेच्या दगडावर बसवलं, दाराखालच्या पट्टीला जॅक लावला आणि फिरवू लागला. गाडी उचलली नाही. करकर आवाज झाला आणि जॅक पट्टीतून सरळ वर गेला. चकचकीत रंगाच्या आत पत्रा उरलाच नव्हता. आतून गढूळ तांबडं पाणी भळाभळा रस्त्यावर आलं.

जवळच्या गॅरेजवाल्याने गाडी ओढून नेली; बायकोला बाहेर बाकावर बसवून वायसर आत गेला. स्क्रूड्रायव्हर दाराच्या कडेला नुसता टेकवला तर तो आत गेला. मग खाली वाकून त्याने लांबी खरवडली.

“काका, ही भोकं कुणी बुजवली?”

वायसरने खरवडलेला तुकडा उचलून खिशात टाकला.

“काचेच्या फटीतून दारात पाणी उतरणारच. ते खालून जावं म्हणून मुद्दाम ठेवतात ती. कुजली हो सगळी. ही आता भंगारातच.”

इस्पितळात पोचेपर्यंत दुपार झाली. मशीनवर दुसरा पेशंट होता. शुक्रवारी या, पाणी कमी प्या, म्हणाले. ती दोघं बसने परतली. ती ओकली नाही, नुसती धापा टाकत राहिली.

गुरुवारी दुपारी तिला श्वास पुरेना. ॲम्ब्युलन्समधून नेलं. तोंडावर प्राणवायूचा मास्क होता, तो बाजूला करून तिने विचारलं, “गाडीला काय झालं होतं?”

सांगायचं तर हीच वेळ होती. वायसर म्हणाला, “जुनी झाली. लोखंडच ते.”

“दुरुस्त झाली?”

“झाली की. चकाचक.”

“मग घरी गाडीनेच न्या. यात मळमळतं मला.” थोड्या वेळाने म्हणाली, “घोटभर पाणी द्या ना.”

त्याने कापूस ओला करून तिच्या ओठांवरून फिरवला. त्याहून जास्त द्यायची त्याला हिंमत झाली नाही. शुक्रवारी पहाटे ती गेली. घरी आणली ती ॲम्ब्युलन्समधूनच.

रविवारी सकाळी सवयीने त्याने बादली भरली आणि दाराबाहेर आला. गाडीची जागा मोकळी होती. स्टूल तिथेच होतं. चार दिवस कुणी बघितलं नव्हतं म्हणून डब्यांतली झाडं माना टाकून होती. हातात बादली होतीच, ती त्याने एकेका डब्यात ओतली. जरा वेळाने डब्यांच्या बुडांतून पाणी निघालं, पायरीवरून उतरलं आणि त्याच्या चपलांखाली आलं. तो हलला नाही.

“तुझं बरोबर होतं गं,” तो स्टुलाकडे बघून म्हणाला. “भोकं मीच बुजवली.”