बिनआवाजाचा खजिना

पाळणाघरात दुपार सगळ्यांत अवघड. सकाळी मुलं नुकतीच आलेली असतात, संध्याकाळी आईबाप यायला लागतात. मधल्या वेळात सहा मुलं, दोन खोल्या आणि मावशी. त्यांना सगळेच मावशी म्हणतात: मुलं, मुलांचे आईबाप, दूधवाला आणि अलीकडे चुकून नवरासुद्धा. मावशींचे गुडघे पाळणाघर काढण्याआधीपासून दुखतात, त्यामुळे दोष कामाला देता येत नाही, असं त्या म्हणतात.

एरवी मुलं दुपारी खाली अंगणात खेळायची. पाइप बदलायला अंगण खणलं, तेव्हापासून ती घरातच. आणि बरोबर खालच्या घरात बेकरीत रात्रपाळी करणारे काका दिवसा झोपतात. एकदा ते जिन्यात भेटले. डोळे लाल.

"मावशी, आठवडाभर डोळ्याला डोळा नाही. आता एकदा जरी झोपमोड झाली, तर मी घरमालकाला फोन करणार."

घरमालकाला पाळणाघर मुळातच नको होतं. तो निमित्ताचीच वाट पाहत होता. या वयात सहा मुलांसकट दुसरं घर कोण देणार? मावशी त्या दिवसापासून घरातही चवड्यांवर चालू लागल्या.

पुतणीने उपाय सांगितला. "काकू, खजिना शोधायला लावा. चिठ्ठ्या लपवायच्या. पोरं तासभर गुंतून राहतात."

"त्यांना वाचता कुठे येतंय?"

"मग चित्रं काढा की!"

मावशींनी जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागे चित्रं काढली. बादली, घड्याळ, उशी, ड्रॉवर, चपलांचं कपाट. बादलीचं चित्र मुलांच्या हातात द्यायचं. बादलीत घड्याळाचं, घड्याळामागे उशीचं, असं पुढे. शेवटी चपलांच्या कपाटात बिस्किटांचा पुडा आणि रंगीत खडू. घड्याळाच्या चित्राला नवरा भाकरी म्हणाला, म्हणून त्यात काटे जाड केले. दुसऱ्या दिवशी मुलं जेवत असताना त्यांनी वाकून वाकून सगळं लपवलं. कंबर धरली. मग मुलांना समोर बसवून नियम सांगितला: जो बोलेल तो बाद.

बादलीतली चिठ्ठी पाण्यावर तरंगत होती, ती दिसली. घड्याळामागची बाहेर डोकावत होती, तीही मिळाली. उशीचं चित्र पाहून सहाही मुलं पलंगापाशी गेली आणि हात पाठीमागे बांधून उभी राहिली.

"अरे, उचला ना उशी," मावशी कुजबुजल्या.

कुणी हललं नाही. वर्षानुवर्षं या घरात एकच पाढा चालत आला होता: पलंगाला हात लावायचा नाही, कपाटाला हात लावायचा नाही, ड्रॉवर उघडायचा नाही. पाढा पाठ झाला होता. मावशींनी स्वतःच उशी उचलली. पुढचं चित्र ड्रॉवरचं. पुन्हा सगळे हात मागे.

मुलांमधली मोठी मुलगी फार प्रश्न विचारते, म्हणून तिला सगळे वकीलबाई म्हणतात. तिने बाद होण्याचा धोका पत्करला. "मावशी, ड्रॉवर तुमचा आहे."

"आज उघडलेला चालतो."

"मग उद्या रागवाल."

"नाही रागवणार गं बाई. आज सगळं उघडायचं. सगळं!"

परवानगी मिळाली आणि बांध फुटला. कपाटं उघडली, गाद्या उलटल्या, दोघांनी मिळून ड्रॉवर ओढला तो पूर्णच बाहेर आला आणि चमचे, डाव, किसणी सगळं फरशीवर आदळलं.

"हळूऽऽ!" मावशी ओरडल्या. "काय चाललंय काय! ठेवा ते खाली! हात लावू नका!"

मुलं जागच्या जागी थिजली. जरा वेळाने दाराची घंटा वाजली.

दारात खालचे काका बनियनवर उभे होते. त्यांनी उघडी कपाटं, जमिनीवरच्या गाद्या पाहिल्या. "चोरी झाली काय?"

"खजिना शोधतोय," वकीलबाई म्हणाली.

"सापडला?"

"नाही. हात लावायचा नाही ना."

मावशींनी हात जोडले. "चूक झाली. फोन करू नका हो. उद्यापासून त्यांना इकडचं तिकडे हलू देणार नाही."

काका दाराच्या चौकटीला टेकले. रात्रभर उभं राहिलेल्या माणसाला चौकटही पुरते. "मावशी, एक बोलू? पोरं धावतात, ते पंख्याच्या घरघरीत जातं. चमचे पडले तेही कळलं नाही नीट. मला जागं करतं ते तुमचं 'हळू'. दिवसभर. 'हळू', 'गप्प', 'नको'. आता तर मला झोपेतही तुमचं 'नको' ऐकू येतं."

मावशींनी जोडलेले हात खाली घेतले.

"मालकाला...?"

"झोप लागली तर कशाला सांगू?" काका म्हणाले आणि कठडा धरून खाली गेले.

मावशी स्टुलावर बसल्या आणि तोंडावर हात ठेवला. मुलं त्यांच्याकडे बघत राहिली. पुढचा हुकूम येईना. मग ज्याला बटण म्हणतात तो सगळ्यांत लहान मुलगा चमच्यांमध्ये बसला, चपलांचं चित्र शोधून काढून कपाटाकडे गेला. दार उघडताना त्याने दोनदा मागे वळून पाहिलं. मावशींनी दात आवळून धरले. खडू सांडले, पुडा फुटला, भांडण झालं आणि आपोआप मिटलं. खालून काही आवाज आला नाही. पसारा आवरायला मात्र संध्याकाळ झाली.

फोन अजून झालेला नाही. पाइपही बदलून झालेले नाहीत. मावशी आता दुपारी मूग गिळून बसतात आणि संध्याकाळपर्यंत जबडा दुखतो.

"आज बोलत का नाहीस?" पहिल्या रात्री नवऱ्याने विचारलं. "रागावलीस?"

"दमले," मावशी म्हणाल्या, तेही हळूच.